सलाईनचा हिशेब: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: 14 किलोच्या मुलाचं दिवसभराचं सलाईन 1200 मि.लि. येतं. 4-2-1 सूत्राने मात्र तासाला 48 मि.लि., म्हणजे दिवसाला 1152. कोणतं धरायचं?
– एक परिचारिका, ग्रामीण रुग्णालय

उत्तर: कोणतंही धरा, मूळ एकच. हॉलिडे आणि सेगर या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी 1957 मध्ये दिलेला हिशेब असा: पहिल्या 10 किलोंना किलोमागे 100 मि.लि., पुढच्या 10 किलोंना 50, त्यावर 20. चोवीसने भागल्यावर 4.17, 2.08 आणि 0.83 येतात, तोंडपाठ व्हावं म्हणून त्यांचे तासाला किलोमागे 4, 2, 1 झाले. 35 किलोला दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळतात. जाड मुलाचं मात्र उंचीला साजेसं वजन धरावं, आणि मूल कितीही मोठं असो, दिवसाला साधारण 2400 मि.लि.च्या वर जाऊ नये.

खरी चूक होते ती थेंबांत. मायक्रोड्रिप सेटमध्ये 60 थेंबांचा 1 मि.लि. होतो, म्हणून तासाला 50 मि.लि. म्हणजे मिनिटाला 50 थेंब. साध्या सेटमध्ये 20 थेंबांचा 1 मि.लि.; तिथे 17 थेंब पुरतात. रात्रपाळीत सेट बदलला आणि थेंब 50 च ठेवले, तर दिवसभराचं पाणी आठ तासांत आत जातं. ब्युरेट (बाटलीखालची मोजपट्टीची छोटी नळी) असेल तर एका वेळी दोन तासांपुरतंच भरा. थेंब कमी-जास्त करणारा रोलर सैल झाला तरी नुकसान तेवढ्यावर थांबतं.

आलेल्या आकड्यातून तोंडाने घेतलेलं दूध-पाणी आणि अँटिबायोटिक ज्यात मिसळलं ते द्रव वजा करा. जुलाब-उलटीची तूट यात धरलेली नसते, ती वेगळी काढायची: 5 टक्के निर्जलीकरण म्हणजे किलोमागे 50 मि.लि.

प्रश्न: आमच्याकडे मुलांसाठी कमी सोडियमची बाटली वापरायची पद्धत आहे. ती चालू ठेवावी का?
– एक इंटर्न

उत्तर: नेहमीच्या सलाईनसाठी नको. जुना हिशेब दुधातल्या क्षारांवरून बांधलेला होता. पण न्यूमोनिया, मेंदूज्वर, शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं, नुसती मळमळ, यातल्या कशानेही शरीरात एडीएच हे संप्रेरक वाढतं आणि मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं. त्यात लिटरला 25-30 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) सोडियमचं द्रव गेलं की रक्तातलं सोडियम घसरतं, मेंदूला सूज येते, झटके येतात. म्हणून अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2018 मध्ये 28 दिवस ते 18 वर्षांसाठी समतुल्य, म्हणजे आयसोटोनिक (ज्यातलं सोडियम रक्ताच्या जवळपास असतं अशा), द्रवाची शिफारस केली. आपल्याकडे सोपी सोय म्हणजे डीएनएस (डेक्स्ट्रोज-नॉर्मल सलाईन): 5 टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे साखर, आणि लिटरला 154 मिलिइक्विव्हॅलंट सोडियम.

लघवी सुरू झाली, मूत्रपिंड ठीक आहे, हे पाहूनच पोटॅशियम घाला. 10 मि.लि.च्या अँप्यूलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट असतात (लेबल वाचा), 500 मि.लि.च्या बाटलीत अर्धं अँप्यूल. लटकत्या बाटलीत कधीही टोचू नका. जड द्रव तळाशी बसतं आणि सुरुवातीच्या थेंबांतूनच हृदयाकडे जातं. बाटली काढा, टोचा, अनेकदा उलटीसुलटी करा, लेबल लावा, मग टांगा.

एडीएच वाढण्याची शक्यता असलेल्या आजारात द्रव नेहमीच्या दोन तृतीयांशावर ठेवतात. रक्तातलं सोडियम रोज तपासा, आणि वजन रोज सकाळी त्याच काट्यावर करा.

प्रश्न: नवजात बाळालाही हेच सूत्र?

उत्तर: नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे साधारण 60 मि.लि., 10 टक्के डेक्स्ट्रोज, सोडियमविना. पुढे रोज थोडं वाढवत.