गोव्यातील जुन्या घरावरच्या थरारकथेत गुपित कसे फुटावे?

फोंड्याकडच्या एका वडिलोपार्जित घरात पूर्वी घडलेली हिंसा नातीला कळते, अशी मनोवैज्ञानिक थरारकथा आपण योजली आहे आणि ते गुपित डायरी किंवा भूत न आणता कसे उघड करावे, असे विचारले आहे. माझ्या मते गोव्याचा वारसा कायदाच ते काम करू शकेल.

1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या या परंपरेत मुलांचा हक्क मृत्युपत्राने सहसा पूर्णपणे डावलता येत नाही, आणि वाटणीसाठी इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्ता आणि वारसांच्या यादीचा, दावा दाखल झाला की प्रत्येक वारसाचे नाव न्यायालयापुढे मांडावे लागते. म्हणजे ज्या काकाचे नाव घरात चाळीस वर्षे कोणी उच्चारले नाही, ते आजीला शपथेवर सांगावे लागेल. राजांगणात, तुळशीसमोर, वकिलाने सहज विचारलेला 'एकूण मुले किती?' हा प्रश्न मला कोणत्याही किंकाळीपेक्षा भयंकर वाटतो.

नायिकेची स्वतःची आठवण मात्र पूर्ण विश्वासार्ह ठेवू नका. न घडलेला प्रसंगही घरच्यांच्या सांगण्यावरून काही जणांना 'आठवू' लागतो, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दाखवले होते. त्यामुळे तिने पाहिलेले रक्त खरे की आत्याने पेरलेले, हा संशय शेवटच्या प्रकरणापर्यंत टिकवता येईल. पोलीस तपास दोन परिच्छेदांत आटोपला तरी चालेल.