कानउघाडणी म्हणावं का उपदेश?

प्रश्न असा आलाय. हिंगोलीकडच्या एका माळकरी माणसानं विचारलंय की श्रावणातल्या सप्ताहात, काल्याच्या आदल्या रात्री, महाराजांनी त्यांना बाजूला बसवून सरळ सांगितलं, बांधावरून सख्ख्या भावाशी चार वर्षं बोलत नाही आणि गळ्यात माळ घालून हिंडता हे बरोबर दिसत नाही, आधी भावाच्या घरी जाऊन या. यांना ते लई लागलं, रात्रभर झोप नाही, पण उलटून बोलले नाहीत. घरी येऊन म्हणाले "महाराजांनी माझी कानउघाडणी केली", तर काका चिडले, की असं बोलू नये, कानउघाडणी साहेब करतो, मास्तर करतो, महाराज उपदेश करतात. तर बरोबर कोण? आणि शेवटी अजून एक विचारलंय, की 'शिरसावंद्य' म्हणजे नेमकं काय, कारण काका म्हणाले महाराजांचा शब्द शिरसावंद्य मानायचा.

माझं मत आधीच सांगतो, तुम्ही म्हणालात तेच बरोबर. पण काकांचं म्हणणं हवेतलं नाही, ते का ते खाली येईलच.

कानउघाडणी हा शब्द नीट बघा. कान आणि उघाडणी. यातली 'उघाड' आपल्या रोजच्या बोलण्यातली आहे. आठ-आठ दिवस झड लागते, रानात पाय घालता येत नाही, सोयाबीन पिवळं पडायला लागतं, आणि मग एका सकाळी ऊन दिसलं की सगळा गाव म्हणतो उघाड पडली. मग वापसा येतो, कोळपी निघतात. तीच ही उघाड. कान बंद होता, तो उघडला, शब्दात एवढंच आहे, मारणं नाही, पिळणं नाही, अपमान तर नाहीच. पिळायचं असंल तर मराठीत त्याला वेगळे शब्द आहेत, कान पिळणं, कान उपटणं, कानपिचक्या देणं, या सगळ्यात सांगणाऱ्याची बोटं कानाला लागतात. कानउघाडणीत बोटं दिसत नाहीत, दिसतो तो ऐकणाऱ्याचा कान. म्हणून महाराजांच्या तोंडी हा शब्द मला अजिबात हलका वाटत नाही.

आता काकांची बाजू. पेपरात रोज वाचतो, कोर्टानं सरकारची कानउघाडणी केली, वरिष्ठांनी अधिकाऱ्यांची कानउघाडणी केली, त्यामुळं शब्दाला ऑफिसचा वास लागलाय हे खरंय. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, 'माझी कानउघाडणी केली' आणि 'त्याची कानउघाडणी केली' ही दोन वाक्यं एक नाहीत. माझी म्हटलं की मी कबूल करतो की माझा कान बंद होता. त्याची म्हटलं की ती पारावरची बातमी झाली, चार माणसं चहा पिता पिता सांगणार. तुमच्याबद्दल दुसरं कुणी असं बोललं असतं तर काकांचा राग शंभर टक्के बरोबर होता. तुम्ही स्वतःबद्दल बोललात, तिथं तो नम्रपणाच आहे.

मग 'उपदेश केला' का नको? चूक नाही, पण त्यात तुम्हाला लागलं ते येत नाही. उपदेश गोडही असतो. शिवाय 'उपदेश घेतला' म्हणालात तर आपल्याकडं अर्थच बदलतो, लोक समजतील गुरु केला, मंत्र घेतला. आणि रोजच्या बोलण्यात तर या शब्दाचं पार वाटोळं झालंय, 'उपदेशाचे डोस पाजू नको' म्हणतात पोरं. असंच 'कान फुंकणं'चं झालं. गुरु शिष्याच्या कानात मंत्र सांगतो तेही कान फुंकणंच होतं, आज कुणी कान फुंकले म्हटलं की चहाडी एवढाच अर्थ राहिला, चांगला अर्थ सगळा 'कानमंत्रा'कडं गेला.

तुमच्या प्रसंगाला अजून एक फिट बसतो तो म्हणजे कान टोचणं. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात ते उगीच नाही. तुम्हीच लिहिलंय की आई हेच चार वर्षांपासून सांगत होती. मागच्या वर्षी भाचीचे कान टोचायला सराफ्यात गेलो होतो, बहिणीनं पोरीचं डोकं छातीशी दाबून धरलेलं, सोनारानं आधी काडीनं पाळीवर ठिपका दिला, एकदा लांबून बघितला, पुसला, परत दिला, मग तार एका झटक्यात आरपार. पोरगी रडली, पण बघा, सगळा वेळ गेला तो ठिपका द्यायला, टोचायला नाही. सांगणारा माणूस असा असला तर दुखतं पण भोक वाकडं पडत नाही.

आता नम्रपणानं ऐकून घेण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा मला तिथंच वाटतो. आपल्या मराठवाड्यात यावरचा सगळ्यात मोठा शब्द आहे 'कच्चं मडकं'. तो आला गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या कथेतून, तेरच्या, धाराशिव जिल्ह्यातल्या. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईनं विचारलं हे लाकडाचं काय, गोरोबाकाका म्हणाले थापटणं, मडकं कच्चं का पक्कं ते यानं कळतं. मग आमची पण पारख करा म्हटल्यावर एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले, बाकीचे गप बसले, नामदेवांना मात्र राग आला, आणि गोरोबाकाका म्हणाले हे मडकं कच्चं. माठ घेताना आपण पण बोटाच्या पेरानं वाजवून बघतोच की, पक्का असंल तर खणखणतो, नसंल तर बद्द वाजतो.

नामदेव म्हणजे साधा माणूस नव्हे, विठ्ठल ज्याच्याशी बोलतो असं सगळे मानत होते, आणि त्याला भर मंडळीत कच्चा म्हटलं. ते आधी पंढरपूरला गेले विठ्ठलाकडं गाऱ्हाणं घेऊन, तिथंही हेच उत्तर मिळालं, गुरु कर. मग औंढा नागनाथला आले, विसोबा खेचरांकडं. तिथं बघतात तर हा म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. पाय काढा म्हटलं तर म्हणतो, बाबा जिथं देव नाही तिथं तूच उचलून ठेव, आणि जिकडं पाय ठेवावा तिकडं पिंड. नामदेवांनी तिथं मान खाली घातली. त्यांचं नरसी गाव आणि औंढा, दोन्ही आज हिंगोली जिल्ह्यातच आहेत, म्हणजे हे सगळं तुमच्या घराशेजारचंच.

आणि 'खेचर' हे नाव बघा. विसोबा आधी ज्ञानदेव आणि भावंडांची टिंगल करणारे, छळणारे होते. मग मुक्ताबाईनं ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले त्या वेळी डोळे उघडले आणि ते त्यांचं उष्टं खायला धावले, तेव्हा ज्ञानदेव म्हणाले "खेचरा, परता सर", अशी कथा सांगतात. खेचर म्हणजे खेचरच, गाढव-घोड्याचं ते. (आकाशात फिरणारा असाही अर्थ निघतो, योगातला, खेचरी मुद्रा वगैरे, पण कथेत हाड् हाड् म्हटल्यासारखंच आलंय.) तर ज्या शब्दानं हाकललं तोच या माणसानं जन्मभर नाव म्हणून मिरवला. मला तर वाटतं बोलणं सोसण्याचं याच्याहून मोठं उदाहरण आपल्या भाषेत नाही, आणि नामदेवांना गुरु मिळाला तो असा, जो स्वतः आधी बोलणी खाऊन बसलेला.

'बोलणी खाणं' हा पण बघा काय शब्द आहे. माझे वडील एकदा पंढरपूरहून आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "महाराजाची बोलणी खाल्ली आज, पोट भरलं." तंबाखूवरून होतं. मग चंची काढली, उलटी केली, पानं, सुपारीची खांडं, चुन्याची डबी सगळं ओट्यावर पडलं, डबी तेवढी आईला दिली, बाकी उकिरड्यावर. रागानं नाही, एकदम शांतपणे. याला मराठीत म्हणतात मनावर घेणं. आणि तेच बोलणं धरून जर ते महिनाभर कुढत बसले असते, महाराजांच्या फडावर जायचं बंद केलं असतं, तर ते झालं असतं मनाला लावून घेणं. 'मनावर' आणि 'मनाला', फरक दिसायला एवढासा आहे. तुमची ती झोप न लागलेली रात्र मनाला लागलेली आहे, ते साहजिकय, पुढं काय करताय त्यावर ते मनावर येतं का ते ठरतं.

शिरसावंद्यचं पटकन सांगतो. संस्कृतात शिरसा म्हणजे डोक्यानं, वंद्य म्हणजे वंदन करण्याजोगं, डोकं टेकवून मान्य असा अर्थ. मराठीत एक शब्द म्हणून जोडून लिहायचा, शिरसा वेगळं वंद्य वेगळं असं नाही. पण डोकं टेकवायचं म्हणजे तोंड शिवायचं असं काकांनी समजू नये. गीतेत चौथ्या अध्यायात ज्ञान कसं मिळवायचं ते सांगताना तीन गोष्टी एका ओळीत आहेत, प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नमस्काराच्या लगेच मागं प्रश्न आहे. तुम्ही महाराजांना विचारू शकता की जातो, पण भावानं दार नाही उघडलं तर काय करू. त्यात बेअदबी काही नाही. आणि वारकऱ्यांत तर तुम्ही पाया पडलात की समोरचा पण वाकून तुमच्या पाया पडतो, महाराज असले तरी. ज्यानं कडक बोललं तोच वाकलाय म्हटल्यावर त्याला विचारायला कसली भीती.

तर काकांना सांगा की कानउघाडणीच झाली आणि ती माझीच झाली. पण एक गोष्ट तुमच्या एवढ्या लांब पत्रात कुठं सापडली नाही मला, भावाकडं जाऊन आलात का? पोळा तोंडावर आलाय. बैल घेऊन त्याच्या दारात गेलात तर वहिनी ओवाळल्याशिवाय राहणार नाहीत.