शब्बाथ चंद्रावरून ठरायचा का?

तुम्ही विचारलंय की बायबलमधले महिने चंद्राचे, तर शब्बाथही, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा सातवा दिवसही, चंद्रावरूनच ठरत असेल ना? मग आजचा शनिवार खरा कशावरून?

महिना चंद्राचा, वार मात्र नाही. आपल्याकडे तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, पण सोमवारनंतर मंगळवारच येतो. इस्राएली लोकांचंही तसंच. त्यांच्या वारांना नावंही नव्हती. पहिला दिवस, दुसरा दिवस, असं सहाव्यापर्यंत. नाव फक्त सातव्याला, शब्बाथ.

मला पटलेला पुरावा बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात आहे. शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी नव्या पिकाची पहिली पेंढी देवापुढे ओवाळायची, त्या दिवसापासून सात शब्बाथ मोजा आणि सातव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पन्नासाव्या दिवशी, सण करा, असं तिथे सांगितलंय. आता शब्बाथ दर चांद्र महिन्याच्या 8, 15, 22 आणि 29 तारखेला धरून पाहा. 15 च्या शब्बाथाच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे 16 तारखेपासून मोजायला लागा, पहिला महिना 30 दिवसांचा, दुसरा 29 चा. सातवा शब्बाथ यायला हवा 49 व्या दिवशी, येतो 52 व्या दिवशी! दोन्ही महिने 29 चे धरले तरी 51. पन्नासाचं गणित जमतच नाही. मी कागदावर मांडून पाहिलंय, तुम्हीही पाहा.

दिवस सुरू व्हायचा सूर्यास्ताला. आपला वार सूर्योदयापासून, म्हणून इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. यरुशलेमचा कारभार पाहणाऱ्या नहेम्याने शब्बाथाआधी अंधारू लागताच शहराच्या वेशी लावून घ्यायला सांगितल्या, त्या यामुळेच. म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत. ख्रिस्ती लोकांचा रविवार वेगळा, तो येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस.

महिन्यासाठी मात्र आकाशच बघावं लागे. चंद्रकोर दिसल्याची साक्ष यरुशलेमच्या न्यायसभेपुढे द्यायची, मग डोंगरमाथ्यांवर जाळ करून खबर लांबवर पोचवायची. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, त्यामुळे वल्हांडण हा त्यांचा वसंतातला सण हळूहळू मागे सरकला असता. जव पिकले नसतील तर वल्हांडणाच्या आधीचा अदार महिना पुन्हा धरत. पुढे 19 वर्षांत 7 जादा महिने असा हिशेब पक्का झाला. आपल्या अधिक महिन्यांचं प्रमाणही जवळपास तेवढंच पडतं.

आमच्या रायगडात घाण्यावर तेल काढणाऱ्या बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांना, लोक शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. शतकानुशतकं ते इतर यहुद्यांपासून तुटून कोकणात राहिले. पुढे कोचीनच्या आणि बगदादच्या यहुद्यांशी त्यांच्या गाठी पडल्या, तेव्हा तिघांचाही शब्बाथ एकाच दिवशी, शनिवारी होता.