मॉस्कोहून पीटर्सबर्गला, पाण्यावरून : वाचकांचे प्रश्न

रशियातल्या नदीसफरीबद्दल आलेल्या पत्रांत बहुतेकांनी जहाजांची माहितीपत्रके जोडून ‘यातले कोणते घेऊ?’ असे विचारले आहे. जहाजातली झुंबरे नंतर बघा, आधी वेळापत्रक मागवा. कोणत्या गावी किती तास, आणि ते तास उजेडाचे की अंधाराचे, यावर सफर वसूल होते की नाही ते ठरते. निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहोत.

नकाशात मॉस्को व्होल्गेवर दिसत नाही आणि सेंट पीटर्सबर्ग तर पार नेव्हाच्या मुखाशी आहे. मग एकच जहाज दोन्ही शहरे जोडते कसे? वेगवान रेल्वेने चार तास लागतात, जहाजाला आठवडा का?
– एक वाचक, नाशिक

कारण अर्धी वाट माणसाने बांधलेली आहे. मॉस्कोच्या उत्तर नदीबंदरावरून निघालेले जहाज आधी मॉस्को कालव्यात शिरते. १२८ किलोमीटरचा हा कालवा १९३७ साली सुरू झाला. तो खणला गुलागमधल्या, म्हणजे सोव्हिएत श्रमछावण्यांतल्या कैद्यांनी. त्यात किती जीव गेले हे गाइडने सांगितले नाही तर विचारा. दुब्नापाशी कालवा व्होल्गेला मिळतो. तिथून उग्लिच, मग रीबिन्स्कचा अफाट जलाशय, शेक्स्ना नदी, श्वेत सरोवर, वीतेग्राची उतरंड, ओनेगा सरोवर, स्विर नदी, लादोगा सरोवर आणि शेवटी नेव्हा. श्वेत सरोवर ते ओनेगा हा दुवा १८१० पासून होता. आजची मोठी जहाजे जाऊ शकतील असा व्होल्गा–बाल्टिक जलमार्ग मात्र १९६४ चा.

पाण्याच्या पातळ्या वेगवेगळ्या असल्याने वाटेत लॉक लागतात. जहाज काँक्रीटच्या पेटीत शिरते, मागचे दार बंद होते, पाणी भरतात किंवा सोडतात, मग पुढचे दार उघडते. मॉस्को कालव्यात सहा, उग्लिचला एक, रीबिन्स्कला एक, शेक्स्नावर एक, वीतेग्रावर सहा आणि स्विरवर दोन. यारोस्लाव्ल शहर रीबिन्स्कच्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळे तिथे जाऊन परत वर येणारे जहाज रीबिन्स्कचे लॉक दोनदा पार करते. एकूण अठरा. आठवडा इथे जातो.

वीतेग्राची सहा लॉक मिळून जहाज ८० मीटर खाली उतरते. ती उजेडी असतील असे वेळापत्रक मिळाले तर सोडू नका. लॉकची रुंदी जेमतेम १८ मीटर आणि चार डेकच्या जहाजाची पावणेसतरा; म्हणजे दोन्ही बाजूंना हातभरापेक्षा थोडी जास्त जागा. केबिनच्या खिडकीसमोर शेवाळलेली ओली भिंत वर सरकताना दिसते. दोर अडकवायचे लोखंडी हूक भिंतीतल्या खाचेतून पाण्याबरोबर खाली येताना कर्कश किंचाळतात. रात्री हा आवाज आणि लॉकवरचे प्रखर दिवे झोपू देत नाहीत. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी बरोबर असू द्या.

आता तासांचे. उग्लिचला अडीच-तीन तास पुरतात. झार इव्हान द टेरिबलचा मुलगा दिमित्री १५९१ साली जिथे मेला, तिथले निळ्या घुमटांचे लाल चर्च धक्क्यावरूनच दिसते. यारोस्लाव्लला अर्धा दिवस हवा. प्रेषित एलियाच्या चर्चमधली भित्तिचित्रे घाईत बघायची नाहीत. गोरित्सीला उतरून बसने आठेक किलोमीटरवर किरिल्लो-बेलोझेर्स्की मठ (स्थापना १३९७) आहे. तिथून आणखी वीसेक किलोमीटरवरच्या फेरापोंतोव्ह मठात दिओनिसीने १५०२ मध्ये काढलेली भित्तिचित्रे आहेत, आणि आमच्या मते संपूर्ण मार्गावरची सर्वांत मोलाची गोष्ट हीच. बहुतेक सफरी ती गाळतात. घेत असतील तर जादा पैसे मोजा. मात्र हवेतला दमटपणा वाढला की आतला प्रवेश थांबवतात, हे धरून चाला.

कोणता महिना चांगला?
– एक वाचक, कोल्हापूर

जहाजे साधारण मेच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात. जून मध्य ते जुलै मध्य या काळात रात्री अकरालाही वाचता येईल इतका उजेड असतो. गर्दी, भाडे आणि डास तिन्ही तेव्हाच जास्त. ऑगस्टचा उत्तरार्ध आम्हाला बरा वाटतो. सप्टेंबरमध्ये झाडे पिवळी होतात, पण सरोवरांवर वारा वाढतो. महिना कोणताही असो, ओनेगावर डेकवर उभे राहायला वारा अडवणारे जाकीट आणि कानटोपी लागतेच. मुंबईच्या हिशेबाने घेतलेला पातळ स्वेटर तिथे पुरत नाही.

केबिन कोणती घ्यावी? खालच्या डेकवरची फार स्वस्त दिसते.
– एक वाचक, पुणे

खालच्या डेकवर खिडकी नसते, पाण्याच्या पातळीजवळ गोल झरोका असतो आणि तो उघडत नाही. दिवसभर बाहेर राहणाऱ्या तरुणांना चालेल. जहाजाच्या मागच्या टोकाकडे इंजिनाची थरथर असते, हॉल आणि बारच्या वर-खाली रात्री गाणी. मुख्य किंवा मधल्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी घ्या. डुलणेही तिथे कमीत कमी.

या मार्गावरची बरीचशी जहाजे १९७० आणि ८० च्या दशकांत पूर्व जर्मनीत बांधलेली आहेत. सांगाडा भक्कम, आतला भाग वेळोवेळी नवा केलेला. त्यामुळे बांधणीच्या सालाबरोबर नूतनीकरणाचे सालही विचारा. जुन्या केबिनमध्ये प्लगची जागा एखादीच असते आणि ती युरोपीय गोल दोन पिनांची. आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही, अडॅप्टर इथूनच न्या.

पैसे कसे न्यायचे? कार्ड चालते का?
– एक वाचक, ठाणे

रशियाबाहेर दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड ही कार्डे मार्च २०२२ पासून तिथे चालत नाहीत. दुकानात नाही, एटीएममध्येही नाही. फॉरेक्स कार्डही याच दोन कंपन्यांचे असते, तेव्हा त्याचा भरवसा धरू नका. संपूर्ण खर्च रोख धरा.

इथे एक गोष्ट बऱ्याच एजंटांनाही ठाऊक नसते. परदेशी जाताना रोख चलन ३,००० डॉलरपर्यंतच मिळते हा रिझर्व्ह बँकेचा नियम सर्वसाधारण देशांसाठी आहे. रशियाला जाणाऱ्यांना त्यातून सूट आहे. त्यांना घ्यायचे ते सगळे परकीय चलन नोटांत घेता येते. चलन विक्रेता अडला तर त्याला हा अपवाद दाखवा. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या, शाईचा ठिपकाही नसलेल्या मागा. फाटक्या किंवा शिक्का उमटलेल्या डॉलरला तिथल्या बँका नाही म्हणतात किंवा कमी भाव देतात. रूबल मॉस्कोतल्या बँकेत घ्या; उग्लिच किंवा गोरित्सीत उतरल्यावर बँक शोधायला वेळ नसतो. दहा हजार डॉलरच्या वर रक्कम असेल तर रशियात शिरताना कस्टम्सला घोषणापत्र द्यावे लागते.

व्हिसा आणि सध्याची परिस्थिती?
– एक वाचक, नागपूर

१ ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. निमंत्रणपत्र लागत नाही, चार दिवसांत येतो. ऑगस्ट २०२५ पासून त्यावर ३० दिवसांपर्यंत राहता येते. उतरण्याचा दिवस पहिला म्हणून मोजतात. अर्ज फसतो तो नावामुळे. पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत जसे नाव आहे, अक्षर न् अक्षर तसेच भरा. ई-व्हिसावर प्रवेश फक्त ठरलेल्या नाक्यांवरून मिळतो. मॉस्को आणि पीटर्सबर्गचे विमानतळ त्यात आहेत.

युद्ध चालू आहे हे विसरून बेत आखू नका. ड्रोनच्या धोक्यामुळे मॉस्कोचे विमानतळ मधूनच काही तास बंद होतात, म्हणून जहाज सुटण्याच्या दिवशी उतरणारे विमान घेऊ नका. किमान एक रात्र आधी पोचा. मोबाइल इंटरनेटही अधूनमधून बंद असते. नकाशे आणि रशियन भाषांतराचे ॲप ऑफलाइन उतरवून घ्या, तिकिटांच्या छापील प्रती ठेवा. प्रवासविम्यात रशिया वगळलेला नाही ना, आणि युद्धजन्य कारणांबद्दल काय लिहिले आहे, ते पैसे भरण्याआधी वाचा.

आम्ही शाकाहारी आहोत, अंडेही नाही. आठवडाभर काय खायचे?
– एक वाचक, सांगली

उपाशी राहणार नाही, पण नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. ताटात मासा येण्याची शक्यता असते. बुकिंगच्या वेळी लेखी ‘पोस्तनोये’ मागा. चर्चच्या उपवासातले हे जेवण असते, त्यात मांस, अंडी आणि दूधदुभते नसते. शाकाहारापेक्षा ही कल्पना तिथल्या स्वयंपाक्याला चटकन कळते. दही-लोणी चालत असेल तर तसे वेगळे लिहा. फसगत होते ती सुपात. बोर्श लाल बिटाचे असले तरी पाणी बहुधा हाडांचे असते. बिनधास्त खाण्यासारखे म्हणजे ग्रेच्का (आपला कुट्टू, भातासारखा शिजवलेला), उकडलेले बटाटे, काकडी-कोबीचे लोणचे, काळा पाव आणि मशरूमचे पदार्थ.

केबिनमध्ये किटली किंवा पाणी तापवायची कॉइल लावायला बहुतेक जहाजांवर बंदी असते, आगीच्या भीतीने. डेकवर उकळत्या पाण्याचा मोठा बंब असतो. थर्मास न्या, झटपट उपमा-पोह्यांची पाकिटे त्यावर होतात. मेतकूट, चटणी आणि लोणच्याचे सीलबंद पाकीट असले की बटाट्याचा आठवडाभर कंटाळा येत नाही.

आईचे गुडघे दुखतात. झेपेल का?
– एक वाचक, पणजी

बहुतेक जुन्या जहाजांना लिफ्ट नाही आणि जिने उभे आहेत. शिवाय गर्दीच्या धक्क्यावर दोन-तीन जहाजे एकमेकांना खेटून लावतात. मग किनाऱ्यावर जायला दुसऱ्या जहाजाच्या आतून, उंबरे ओलांडत जावे लागते. आईंना जेवणघर असलेल्या डेकवरच केबिन घ्या. ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावर लाकडी पाऊलवाट सपाट आहे, यारोस्लाव्लला बस आहे. लादोगा सरोवरातल्या वलाम बेटाच्या मठाला चढ आहे, तो सोडा. त्या मठात स्त्रियांनी डोक्यावरून ओढणी आणि घोळदार स्कर्ट, पुरुषांनी लांब पँट, हा नियम कडक पाळतात.

सरोवरांवर बोट लागते का? किझी रद्द झाले असे एकांनी सांगितले.
– एक वाचक, डोंबिवली

ओनेगा आणि लादोगा ही युरोपातली सर्वांत मोठी दोन सरोवरे. किनारा दिसेनासा होतो आणि लाट उठते. नदीजहाजांना लाटेच्या उंचीची मर्यादा ठरवून दिलेली असते. अंदाज तिच्या वर गेला की कप्तान स्विरच्या मुखाशी थांबतो किंवा बेट गाळतो. करारात ‘हवामानामुळे थांबा बदलू शकतो’ हे कलम असतेच, भांडून उपयोग नाही. बोट लागण्याची गोळी सरोवरात शिरण्याआधी तासभर घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी लागू पडत नाही. कोणती गोळी, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

किझीचे चर्च एकही खिळा न वापरता बांधले, हे खरे का?
– एक वाचक, सातारा

ओंडक्यांच्या भिंतींपुरते खरे. १७१४ सालचे, ३७ मीटर उंच, बावीस घुमटांचे हे चर्च पाइनचे ओंडके टोकांशी खाचून एकमेकांत बसवून उभे केले आहे. पण घुमटांवरचे ॲस्पेन लाकडाचे खवले खिळ्यांनीच ठोकलेले आहेत. जवळ गेल्यावर भिंतीत गडद आणि फिके ओंडके शेजारीशेजारी दिसतील. फिके ते दुरुस्तीत बदललेले. ही दुरुस्ती करताना वरचा भाग उचलून धरून खालून वर, एकेक पट्टा सोडवून केली, आणि ती २०२० मध्ये पुरी झाली. बेटावर विषारी सर्प आहेत, गवतात शिरू नका. गोचिडांसाठीही तेच.

अफनासी निकितिन आपल्या चौलला आला होता. त्याचे गाव वाटेत लागते का?
– एक वाचक, अलिबाग

त्वेर लागत नाही. कालवा व्होल्गेला मिळतो ती जागा त्वेरच्या खालच्या अंगाला आहे. मात्र त्याने वाटेत नोंदवलेली दोन गावे तुमच्या मार्गावर आहेत: कल्याझिन आणि उग्लिच. चौलला उतरून जुन्नरला पावसाळा काढणारा हा व्यापारी पंधराव्या शतकात याच पाण्यावरून खाली आला. उग्लिचचे धरण झाल्यावर जुन्या कल्याझिनचा बराचसा भाग बुडाला आणि चर्चचा घंटामनोरा तेवढा पाण्यात उभा राहिला. जहाज तिथे थांबत नाही, बाजूने जाते. किती वाजता ते आदल्या संध्याकाळी स्वागतकक्षात विचारून ठेवा. त्वेरला जायचेच असेल तर मॉस्कोहून रेल्वेने एका दिवसात जाऊन येता येते. व्होल्गेच्या काठी त्याचा पुतळा आहे.

जहाज चुकले तर?
– एक वाचक, औरंगाबाद

उतरताना मिळालेले कार्ड खिशात ठेवा आणि जहाजाचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या. संपूर्ण मार्गावर घड्याळ मॉस्कोचेच, बदलावे लागत नाही. उग्लिचला चुकलात तर घाबरू नका: जहाज रीबिन्स्कचा वळसा घेऊन यारोस्लाव्लला जाते, रस्ता शंभर-सव्वाशे किलोमीटरचा आहे, टॅक्सी आधी पोचते. किझीला चुकलात तर बेटावरून पेत्रोझावोद्स्कला जाणारी पाण्यावर उचलली जाणारी वेगवान बोट गाठा, सव्वा तासाच्या आसपास लागतो; तिथून पीटर्सबर्गला रेल्वे आहे. पासपोर्ट केबिनमध्ये ठेवून उतरला असाल तर मात्र रेल्वेचे तिकीट मिळणार नाही, म्हणून तो नेहमी अंगावर ठेवा.