झोळी उघडून दाखवा

प्रश्न : नव्याने चाली बांधणाऱ्या, घरीच रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा आमचा स्वतंत्र गट आहे. एकमेकांचे कच्चे ट्रॅक ऐकतो, मतं देतो. जाहिराती घ्यायच्या नाहीत, फी लावायची नाही, हे ठरलेलं. देणगीचं आवाहन केलं की आठवडाभर पैसे येतात, मग सामसूम. काय चुकतंय?

उत्तर : अशाच एका गटाची तिजोरी मी सहा वर्षं सांभाळली. (तिजोरी म्हणजे एक वही.) माझं पहिलं आवाहन होतं, ‘संगीत जगवायला हातभार लावा.’ तिघांनी पैसे दिले, त्यातला एक मी. संगीत आपल्यावाचूनही जगतं हो, सर्व्हरचं, म्हणजे आपले ट्रॅक साठवणाऱ्या संगणकाचं, बिल थकतं!

दुसऱ्या खेपेला नुसतं बिल मांडलं. खर्च इतका, जमा इतकी, तूट इतकी. दर महिन्याला तोच तक्ता, आकडे ताजे. लोक देऊ लागले.

हिशेब मांडताना आमचंच पितळ उघडं पडलं. सगळे जण वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न आवळता साठवणारी जड फाइल, चढवत होते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा (हे रेकॉर्डिंगच्या बारकाईचे आकडे) स्टीरिओ ट्रॅक मिनिटाला सुमारे १७ एमबी खातो. पाच मिनिटांचं गाणं ८६. तेच फ्लॅक या आवळलेल्या फाइलमध्ये साधारण निम्म्यात मावतं आणि आवाजातलं काहीच गळत नाही. नुसत्या ऐकण्यासाठी ३२० केबीपीएसचा (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ मिनिटाला २.४ एमबीत भागतो. मागण्याआधी ही खर्चाची गळती बुजवा.

देणगी महिन्याची मागा, अगदी छोटी. २०१३ साली पेट्रिऑन ही कलाकारांना चाहत्यांकडून पैसे मिळवून देणारी साइट काढणाऱ्या दोघांपैकी जॅक काँटे स्वतः संगीतकार. तिथेही भर नियमित पाठबळावरच. किकस्टार्टर या एखाद्या प्रकल्पासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या साइटवर ठरलेली रक्कम जमली तरच पैसे हाती येतात. एखादं यंत्र घ्यायचं असेल तर ते ठीक, दरमहाच्या बिलाला उपयोगाचं नाही.

एका बाबतीत मात्र हट्टी राहा. देणाऱ्याचा ट्रॅक आधी ऐकला जाणार नाही. आमच्याकडे एकाने भरघोस रक्कम दिली आणि आपलं गाणं सगळ्यात वर ठेवायला सांगितलं. पैसे परत केले. त्या महिन्याचं बिल मी खिशातून भरलं, घरी बोलणी खाल्ली. पण नवखी पोरं बिनधास्त गाणी टाकत राहिली.

आणि तूट भरली की आवाहन उतरवा. मी एकदा विसरलो, तर आमच्या बेस वाजवणाऱ्याने विचारलं, “बिल भरलं ना? मग अजून का रडताय?”