जुनी दारूची केस आणि कॅनडातलं लग्न, टीआरपीबद्दल (टेम्पररी रेसिडेंट परमिट, म्हणजे कॅनडात तात्पुरतं येण्याची खास परवानगी)

तुम्ही लिहिलंय की भाचीचं लग्न ब्रॅम्प्टनला आहे, तुम्ही न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर, २०२१ ला दारू पिऊन गाडी चालवल्याची एक केस झाली होती आणि वकील म्हणाला की जर्सीत हा क्राईम नाहीच, ट्रॅफिकची केस आहे. जर्सीपुरतं ते खरंय. पण कॅनडावाले तुमच्या राज्यात त्याला काय म्हणतात ते बघत नाहीत, तेच कॅनडात केलं असतं तर कुठलं कलम लागलं असतं ते बघतात, आणि तिथे डिसेंबर २०१८ पासून याला कमाल शिक्षा १० वर्षं केलीय म्हणजे थेट सीरियस क्रिमिनॅलिटी, गंभीर गुन्हा, आणि त्यावरून कॅनडात प्रवेश बंद. पूर्वी एकच जुनी केस असली की १० वर्षांनी आपोआप सुटका व्हायची, आता तेही नाही. कायमचं निस्तरायचं तर रिहॅबिलिटेशनचा अर्ज, म्हणजे मी सुधारलोय, ही बंदी उठवा असा, पण तो दंड, लायसन्स सस्पेन्शन सगळं संपून ५ वर्षं झाल्यावरच करता येतो. तुमची झालेली नाहीत, म्हणून टीआरपी.

आता माझं कळकळीचं सांगणं, अर्जात केस कशी अन्यायाची होती हे लिहीत बसू नका. ऑफिसर दोनच गोष्टी तोलतो, तुमचं येणं किती गरजेचं आणि तुमच्यापासून धोका किती. नुसतं 'फॅमिली वेडिंग' लिहिलं तर शंभरातले एक पाहुणे वाटाल. आपल्यात नवरीला मांडवात मामा घेऊन येतो, तुम्ही सख्खे मामा, हे त्या ऑफिसरला कुठून माहीत असणार? ते नीट लिहा, पत्रिका जोडा, बहिणीचं पत्र जोडा. धोक्यासाठी म्युनिसिपल कोर्टाकडून केसच्या निकालाची सर्टिफाइड कॉपी, दंड भरल्याची पावती, आयडीआरसीचा (दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीचं जर्सीतलं केंद्र) क्लास पूर्ण केल्याचा कागद, एमव्हीसीचं (जर्सीचं लायसन्स देणारं खातं) ड्रायव्हिंग रेकॉर्ड.

बॉर्डरवरही मागता येतं पण नाही म्हणाले तर गाडी वळवून घरी, आणि फी परत मिळत नाही, त्यामुळे आत्ताच कॉन्सुलेटमार्फत करा, महिनोन्‌महिने लागतात. आणि 'कोण विचारतंय, गप्प बसायचं' असं सांगणाऱ्या मित्राचं बिलकुल ऐकू नका हो, विचारल्यावर खोटं बोललात तर वेगळी ५ वर्षांची बंदी लागते.

अजून एक, परमिट मिळालं तरी कॅनडातून बाहेर पडलात की ते संपतं, परत आत यायची परवानगी त्यात वेगळी दिलेली नसेल तर. म्हणजे हळदीच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना घेऊन नायगराला गेलात तर पूल ओलांडून अमेरिकेच्या बाजूला जाऊ नका.