‘गरज’ कोणाची?

म्हापशाच्या एका वाचकांची विचारणा: घरबांधणीवर लिहिताना ‘गरज’ आणि ‘आवश्यकता’ यांत फरक करावा का? आणि गरजेपलीकडच्या सगळ्यालाच ‘अतिरेक’ म्हणावं का?

फरक करावाच. कोशात दोन्ही शेजारी बसतात, पण वाक्यात निराळे वागतात. ‘गरज’ म्हटली की कोणाला ते सांगावं लागतं: आजीला काठीची, शेताला पावसाची. ‘आवश्यक’ला असा धनी लागत नाही. ‘आधार कार्ड आवश्यक’ एवढी पाटी पुरते, पुढे बोलायची सोय नाही. बंगल्यांच्या जाहिरातींना ‘आवश्यक सुविधा’ आवडतात त्या म्हणूनच. त्या यादीत पोहण्याचा तलावही बिनबोभाट बसतो. ‘तलावाची गरज आहे’ असं लिहून पाहा, लगेच ‘कोणाला?’ येतं. घराला निम्मं वर्ष कुलूप असेल तर उत्तर देणं जड जातं.

‘गरज’ हा शब्द मूळचा अरबी, अर्थ हेतू, उद्देश. हिंदीतल्या ‘खुदगर्ज’मध्ये तोच आहे. म्हणजे हेतू आणि हेतूवाला माणूस दोघेही त्याला आधीपासून चिकटलेले.

आता अतिरेक. हा प्रमाणाचा शब्द. थोडी असती तर चालली असती अशाच गोष्टीचा अतिरेक होतो: मिठाचा, रोषणाईचा, संगमरवराचा. ‘फाजील’चं तसं नाही. तोही अरबीच, हिशेबातलं ‘जादा, उरलेलं’ दाखवणारा. उर्दूत ‘आलिम-फाजिल’ म्हणजे चक्क विद्वान. मराठीत आल्यावर मात्र तो बिघडला: फाजील लाड, फाजील आत्मविश्वास. आपण तो वस्तूपेक्षा वागण्याला लावतो. ‘फाजील खिडकी’ कानाला खटकते, ‘फाजील हौस’ नाही.

आणि नुसती हौस? ती गरज नव्हे, पण अतिरेकही नव्हे. तुमचा ‘सगळ्यालाच’ इथे अडतो. आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या बघा. लाकडी चौकटीत कापून बसवलेले पातळ शिंपले. ऊन गाळून मऊ उजेड आत येतो, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. काच सहज मिळत नव्हती तेव्हा ती निखळ गरज होती. आज जुनं घर डागडुजी करताना कोणी मुद्दाम शिंपले बसवून घेतो, ती हौस. वस्तू तीच, शब्द बदलला. बलकांवातल्या, म्हणजे घराच्या दारापुढच्या ओसरीतल्या, सोप्यांवर (बांधीव बाकांवर) संध्याकाळी बसून वाटेवरच्याशी बोलणं कशात घालायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ठरवायची घाईही नाही.

उलट पश्चिमेला तोंड करून उभी केलेली काचेची भिंत घ्या. काच आली म्हणून ऊन आलं, ऊन आलं म्हणून पडदे, पडद्यांमागे कोंदटलं म्हणून एसी, आणि भरदुपारी दिवे. यातल्या पडद्याला किंवा एसीला अतिरेक म्हणता येत नाही. आत बसणाऱ्याला त्यांची खरोखरच गरज असते. अशा ठिकाणी मी ‘ओढवून घेतलेली गरज’ लिहीन. संकट, राग, नाराजी आपण ओढवून घेतोच, गरजही घेतो.

एका रूपापासून मात्र सांभाळा. ‘हे गरजेचं आहे’ यात शब्द ‘गरज’च असला तरी ‘आवश्यक’सारखाच धनी गायब होतो. तुमच्या लेखात ‘गरजेचं’ जिथे जिथे येईल तिथे वाक्य मोडून ‘अमक्याला याची गरज आहे’ असं करून बघा. ‘अमक्या’च्या जागी नाव सापडलं नाही, तर ते वाक्यच काढून टाका.